मदत हवी आहे: आज रात्री ऑल्टनला क्रॅप्स (दोन फाशांचा जुगार) खेळायला जायचं ठरतंय

सेंट लुईसमधल्या मंडळींनो, पटकन सांगा. ऑफिस सुटता सुटता मित्राने टूम काढली, जेवून थेट इलिनॉयमधल्या ऑल्टनच्या बोटीवरच्या कसिनोत जाऊ. मिसिसिपी ओलांडली की आलंच. इलिनॉयमधला पहिला रिव्हरबोट कसिनो 1991 मध्ये तिथेच सुरू झाला. बोट नदीत फिरेल अशी मित्राची समजूत आहे. 1999 पासून कायद्याने बोट फिरवायची सक्ती उरलेली नाही, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

मी क्रॅप्स फक्त कागदावर शिकलोय. पास लाइनवर (टेबलावरच्या मुख्य पट्टीवर) पैसे लावायचे, पहिल्याच फेकीत दोन्ही फाशांची बेरीज 7 किंवा 11 पडली तर जिंकलो, 2, 3, 12 पडले तर गेले. बाकी आकडा पडला की तो पॉइंट, आणि 7 पडायच्या आधी तो पुन्हा पडायला हवा. या बेटवर कसिनोची सरासरी सरशी 1.41 टक्के. पॉइंट ठरल्यावर त्याच बेटच्या मागे ‘ऑड्स’ (पॉइंटवरची जादा बेट) लावले तर त्यावर कसिनोला काहीच सुटत नाही, म्हणून मला लाइनवर कमीत कमी आणि बाकी ऑड्सवर लावायचंय. टेबलाच्या मधल्या भपकेबाज बेट्सना हात लावणार नाही.

आता अडतंय ते असं: आठवड्याच्या मधल्या रात्री क्रॅप्सचं टेबल चालू असतं का, आणि किमान बेट किती? नोटा डीलरच्या हातात न देता टेबलावर ठेवायच्या, एवढं माहीत आहे. पण नवख्याने फासे फेकायला नकार दिला तर कोणी रागावतं का?

उद्या सकाळी आठला मीटिंग आहे, तेव्हा उत्तरं लवकर द्या.