आधी मान, मग प्रार्थना
पती-पत्नीने रोज एकत्र प्रार्थना केली की कुरबुरी आपोआप मिटतात, हे मत मला अर्धेच पटते. कारण बायबलमधील पेत्राच्या पहिल्या पत्रात (अध्याय ३, वचन ७) क्रम उलटा आहे, पतीने पत्नीला मान द्यावा, म्हणजे प्रार्थनांत अडथळा येणार नाही.

बडोद्यात आमच्या घरी रात्रीची भांडी आवरल्यावर आम्ही प्रार्थनेला बसतो, मी मराठीत आणि पत्नी तिच्या माहेरच्या गुजरातीत. पहिल्याच वर्षी मी डोळे मिटून "प्रभो, हिला सहनशीलता दे" असे म्हणालो, तेव्हा 'आमेन'ऐवजी तिने विचारले, "अहो, हे देवाला सांगताय की मला?" (प्रश्न रास्तच होता.) तेव्हापासून उणिवा ज्याने त्याने स्वतःच्याच मांडायच्या असे ठरले आहे. अबोल्याच्या रात्री निदान येशूने शिकवलेली 'प्रभूची प्रार्थना' तरी दोघे मिळून म्हणतो. तिच्यातील ऋणे सोडण्याच्या, म्हणजे अपराधांची क्षमा करण्याच्या ओळीपाशी मात्र दोघांचाही आवाज जरा अडखळतो.