मालक असलेली कंपनी बरी की बिनमालकाची? (कर्जाच्या बाबतीत)

जुना क्रेडिटवाला
फोर्टातल्या एका बँकेच्या कर्ज विभागात बावीस वर्षं काढली. प्रस्ताव टेबलावर आला की ताळेबंदाच्या आधी मी भागधारकांची यादी उघडायचो. साहेब हसायचे. पण कंपनी कोणाची आहे हे कळलं की ती कर्ज कसं वापरेल याचा निम्मा अंदाज तिथेच यायचा, असं माझं अजूनही मत आहे.

हिंदुस्थान युनिलिव्हर घ्या. ६२ टक्क्यांच्या आसपास हिस्सा परदेशी आई-कंपनीचा. आईला दरवर्षी लाभांश हवा, रॉयल्टी हवी. लेकीने बाजारातून उसनं आणून धाडस करावं अशी तिची इच्छाच नाही. त्यामुळे कर्ज जवळपास नाहीच. घरच्या मालकाची कंपनीही माझ्या अनुभवात जपून असते, कारण ती पोराच्या हातात द्यायची असते.

आता बिनमालकाची, म्हणजे एकच मोठा धनी नसलेली, बघा. बीकेसीतली आयएल अँड एफएस, रस्ते-बंदरांसारख्या प्रकल्पांना पैसा पुरवणारी. एलआयसीचे २५ टक्के, जपानच्या ओरिक्सचे २३ च्या वर, शिवाय अबूधाबीचा सरकारी फंड, एचडीएफसी, सेंट्रल बँक, स्टेट बँक. सगळे मातब्बर, आणि प्रत्येकाला वाटलं दुसरा बघतोय. २०१८ मध्ये हप्ते थकले तेव्हा समूहावर सुमारे ९१,००० कोटींचं कर्ज होतं आणि त्याच वर्षी जुलैपर्यंत पतमानांकन ट्रिपल ए, म्हणजे सगळ्यात वरचं. ज्याचं जळतं त्याला कळतं. इथे जळणारं कोणी नव्हतंच.

दलालस्ट्रीटी
काका, मालक पोरासाठी जपतो हे ऐकायला गोड आहे. घरकर्ज देणाऱ्या डीएचएफएलला मालक नव्हता का? दिवाळखोरीत ८७,००० कोटींहून जास्त दावे मान्य झाले आणि २०२१ मध्ये पिरामलने ती ३४,२५० कोटींना घेतली. जेट एअरवेजमध्ये प्रवर्तकाकडे, म्हणजे मालकाकडे, ५१ टक्के होते, तरी १७ एप्रिल २०१९ ला शेवटचं विमान उडालं.

गणित साधं आहे. डाव लागला तर फायदा भागधारकाचा, म्हणजे मुख्यतः मालकाचा. फसला तर त्याचं नुकसान शेअरपुरतं, उरलेलं बँकेच्या डोक्यावर. कंपनी गळ्यापर्यंत बुडालेली असेल तेव्हा तर तो आणखी मोठा डाव लावणार, कारण त्याचं जायचं ते आधीच गेलेलं असतं.

आणि खरं कर्ज तुमच्या त्या ताळेबंदात दिसतच नाही. मालक आपले शेअर गहाण टाकून घरच्या खासगी कंपनीच्या नावावर पैसे उचलतो. समजा शंभराचा शेअर ठेवून पन्नास उचलले. भाव सत्तरवर आला की सावकार म्हणतो, आणखी शेअर आण. नाही आणले तर तो विकायला काढतो, त्या विक्रीने भाव आणखी पडतो. झीचं हेच झालं. इन्फ्रा प्रकल्पांसाठी लावलेल्या चुकीच्या बोलींचं ओझं शेअर गहाण टाकून वाहिलं, जानेवारी २०१९ मध्ये मालक सुभाष चंद्रांनी सावकारांची जाहीर माफी मागितली, आणि चाळीस टक्क्यांच्या आसपास असलेला घरचा हिस्सा पुढे पाच टक्क्यांच्या आत आला. चॅनल स्वतः चांगलं चालत होतं हो!

वसईचा वर्कशॉपवाला
तुम्ही मोठ्यांचं बोलताय. आमच्याही पाटीवर 'प्रायव्हेट लिमिटेड' आहे, पण मर्यादित जबाबदारी पाटीवरच. ऐंशी लाखांच्या सीसी लिमिटसाठी (कॅश क्रेडिट, धंदा चालवायला लागेल तसं उचलायचं कर्ज) गाळा तारण, राहता फ्लॅट तारण, माझी पर्सनल गॅरंटी, बायकोची पर्सनल गॅरंटी. दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत स्टॉक स्टेटमेंट. नव्वद दिवसांवरची येणी धरत नाहीत, मग ड्रॉइंग पॉवर, म्हणजे प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम, खाली येते आणि पगाराच्या आठवड्यातच चेक अडकतो.

गेल्या वर्षी एका मोठ्या गिऱ्हाइकाने दुप्पट काम देऊ केलं होतं. त्यासाठी धातूकामाचं दुसरं व्हीएमसी मशीन लागणार होतं. कोटेशन आणलं, तीन दिवस ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि नाही सांगितलं. ते काम आता राजकोटला गेलं. तेव्हा क्रेडिटवाले काका, मालक जपून वागतो हे खरं. पण ते शहाणपण की नुसती भीती, हे तुम्हीच सांगा. सही घेताना तुमच्याच माणसाने बायकोला पेन दिलं होतं.

गिरणगावची नात
मालक कोणाला म्हणायचं हाच प्रश्न आहे. आमच्या आजोबांच्या बोलण्यात गिरणीचा 'मालक' म्हणजे मॅनेजिंग एजंट, करारावर गिरणी चालवणारी पेढी. त्याच्याकडे बहुतेकदा शेअर थोडेच, सत्ता सगळी. कितीतरी गिरण्यांत त्याचं कमिशन नफ्यावर नसून उत्पादनावर किंवा विक्रीवर. म्हणजे गिरणी तोट्यात असली तरी चाती फिरत राहण्यात त्याचा फायदा. आणि चालवायला पैसा कुठून? लोकांच्या ठेवींतून. ही पद्धत १९७० च्या एप्रिलमध्ये कायद्याने बंद झाली.

शेअर गहाण टाकून कर्ज तर मुंबईला १८६० च्या दशकापासून माहीत आहे. अमेरिकेतल्या यादवीने कापूस सोन्याच्या भावाला गेला, बॅकबेचा समुद्र भरून जमीन काढणाऱ्या कंपनीच्या शेअरवर अख्खं शहर नाचलं, बँक ऑफ बॉम्बेने शेअर तारण घेऊन कर्जं वाटली. युद्ध संपलं, भाव कोसळले, आणि १८६८ मध्ये ती बँकच गुंडाळावी लागली. प्रेमचंद रायचंदांनी आईच्या नावाने बांधायला पैसे दिलेला राजाबाई टॉवर तेवढा उभा आहे.

पाचवी सीट
लार्सन अँड टुब्रोला प्रवर्तक नाही, ती कुठे बुडाली? उलट टाटा समूहाची मुख्य कंपनी टाटा सन्स, तिचा ६६ टक्के हिस्सा धर्मादाय ट्रस्टांकडे, पोरांना वाटून द्यायचं काही नाही, तरी २००७ मध्ये टाटा स्टीलने सुमारे १२ अब्ज डॉलरला कोरस ही युरोपातली पोलाद कंपनी घेतली ती मुख्यतः कर्जावर. ब्रिटनचा तो पोलाद धंदा पुढे वर्षानुवर्षं गळ्यात राहिला. भागधारकांच्या यादीवरून भविष्य सांगणं म्हणजे कुंडली बघणं झालं. (बोरिवली फास्टमध्ये उभ्याने टाइप करतोय, चुका असतील तर चालवून घ्या.)

जुना क्रेडिटवाला
एल अँड टीचा मुद्दा मान्य, ती माझ्या मांडणीत बसत नाही. गहाण शेअरचंही मान्य. सत्यम कंपनीच्या खोट्या हिशेबांच्या प्रकरणानंतर, २००९ मध्ये, सेबीने प्रवर्तकांना ते जाहीर करायला लावलं, त्याआधी आम्ही अंधारातच सह्या करत होतो.

पण दलालस्ट्रीटी, 'नुकसान शेअरपुरतं' हे आता तितकं खरं नाही. दिवाळखोरी कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने थकबाकीदार प्रवर्तकाला स्वतःची बुडालेली कंपनी स्वस्तात परत घेता येत नाही. डिसेंबर २०१९ पासून मोठ्यांच्या वैयक्तिक हमीवरही दिवाळखोरीची कारवाई होते, २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते उचलून धरलं. वसईकरांवर जे ओझं पहिल्या दिवसापासून होतं, ते मोठ्यांवर निदान कागदावर तरी आलं. भीती की शहाणपण याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते पेन बहुधा मीही बऱ्याच जणींना दिलं असेल.

दलालस्ट्रीटी
कागदावर, हे तुम्हीच म्हणालात. मोठ्याच्या हमीमागे मालमत्ता किती सापडते ते वसुलीच्या वेळी बघा. फ्लॅट सापडतो तो वसईचाच.

वसईचा वर्कशॉपवाला
माझं लिमिट पुढच्या महिन्यात रिन्यूअलला आहे. मुलाला दिवाळीत डायरेक्टर केलं, तर आता बँकेला त्याचीही गॅरंटी हवी. सॅन्क्शन लेटर परवा आलंय. अजून त्याला दाखवलं नाही.