शब्दचर्चा: ठग, टोळी आणि ‘डेड रॅबिट्स’

सारंग: एकोणिसाव्या शतकातल्या न्यू यॉर्कमधल्या गँग्सवरचा एक लेख मराठीत आणतोय. ‘थग’ला सरळ ‘ठग’ लिहिलं तर चालेल का? शब्द आपलाच आहे. आणि ‘डेड रॅबिट्स’ या टोळीचं ‘मेलेले ससे’ करू का?

बोरूवाला: ‘ठग’ नको. शब्द इथूनच गेला हे खरं. मूळ संस्कृत ‘स्थग’, म्हणजे लबाड. १८३०च्या दशकात स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानं ठगांविरुद्ध मोहीम चालवली, तिची वर्णनं इंग्रजीत गाजली आणि शब्द सातासमुद्रापार पोचला. पण ठग वाटसरूंशी आधी गोड बोलायचे, मग रुमालानं गळा आवळायचे. अमेरिकेत गोड बोलणं गळालं, दांडगाई उरली. १८५०च्या दशकात न्यू ऑर्लिन्समध्ये निवडणुकीत मारझोड करणाऱ्यांना हेच नाव पडलं. मराठीत नेमकं उलटं झालं. आपला महाठग पतपेढी बुडवतो, कुणाच्या अंगाला हात लावत नाही. सरळ ‘गुंड’ लिहा.

मायाताई: ‘पुंड’ का नको? पुंडाई, पुंडपाळेगार, किती दणकट शब्द आहेत!

बोरूवाला: ताई, पुंड म्हणजे सत्तेला न जुमानणारा. हे लोक सत्तेच्या पदराखाली वाढले. बाल्टिमोरमध्ये ‘ब्लड टब्स’ नावाची टोळी होती, तीत खाटिकांचा भरणा. मतदानाच्या दिवशी रक्तानं भरलेली टबं घेऊन उभे राहायचे आणि विरोधी मतदाराचं डोकं त्यात बुचकळायचे. हे सगळं ‘नो-नथिंग’ या परदेशी लोकांचा आणि कॅथलिकांचा द्वेष करणाऱ्या पक्षासाठी. न्यू यॉर्कात टॅमनी हॉल या डेमोक्रॅटिक पक्षाच्या राजकीय संघटनेचीही अशीच पोरं होती. आग विझवणारी स्वयंसेवक पथकं हा तर त्यांचा अड्डाच. पुढे शहर लुटणारा टॅमनीचा पुढारी बॉस ट्वीड अशाच एका पथकातून वर आला. खरं तर ‘कार्यकर्ते’ हाच शब्द चपखल, पण लेख परत येईल.

मायाताई: 😄 बरं, सशांचं काय?

बोरूवाला: जॉर्ज मॅटसेल हा न्यू यॉर्कचा पोलीसप्रमुख होता. त्यानं १८५९ साली चोरांच्या बोलीचा कोश छापला. त्यात ‘रॅबिट’ म्हणजे दंगेखोर आणि ‘डेड रॅबिट’ म्हणजे अंगापिंडानं चांगला तगडा दंगेखोर. म्हणजे ‘डेड’चा मरणाशी संबंध नाही, तो नुसता जोर द्यायला, आपण ‘मरणाचं ऊन’ म्हणतो तसा. ‘मेलेले ससे’ लिहिलंत तर बालकथा वाटेल. नाव तसंच ठेवा, अर्थ एकदा सांगा. १८५७च्या ४ जुलैला न्यू यॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स भागात बावरी बॉइज या दुसऱ्या टोळीशी त्यांची जुंपली, तेव्हा शहराचं जुनं पोलीस दल नुकतंच मोडून राज्यानं नवं आणलं होतं. हा संदर्भ लेखात नसेल तर घाला, नाहीतर एवढी दंगल का माजली ते कळत नाही.

अण्णा: ‘ऑर्गनाइज्ड क्राइम’ला ‘संघटित गुन्हेगारी’ लिहाल, तर जपून. त्या शब्दाला १९९९च्या मकोकापासून कायद्याचा वास लागलाय. १८५०च्या मारामाऱ्यांना तो मोठा होतो. ‘टोळ्या’ पुरे. ‘गँग’ही चालेल, पण मूळ अर्थ नुसता एकत्र जाणाऱ्यांचा जथा, रेल्वेतला आपला गँगमन त्याच घरचा, बिचारा रूळ तपासत फिरतो.

सारंग: ठरलं. गुंड, टोळी आणि डेड रॅबिट्स. एक राहिलं, ‘कूपिंग’. माणसाला पकडून कोंडायचं, दारू पाजायची, कपडे बदलून वेगवेगळ्या केंद्रांवर मत द्यायला लावायचं. अमेरिकी लेखक एडगर अॅलन पो १८४९ साली बाल्टिमोरात निवडणुकीच्या दिवशी दुसऱ्याच्या कपड्यांत सापडला, तोही यातच अडकला असावा असा एक तर्क आहे. शब्दशः ‘खुराड्यात घालणे’?

मायाताई: ‘मतदार डांबणे’. आपल्याकडे सदस्य डांबतात, त्यामुळे वाचकाला समजावून सांगायची गरज नाही.