फोनमधले फोटो: काय ठेवलंत, काय उडवलंत? (अनुभव धागा)

हिंचका
काल भाचीने नवरात्रासाठी शिवलेली चनियाचोळी घालून दाखवली. मी फोन वर धरला तर 'जागा शिल्लक नाही'. म्हणून आज दुपारी हिंचक्यावर बसून सफाई काढली. अकरा हजार चारशे फोटो! त्यात आधार कार्डाचे सात, गॅसच्या नळीचे तीन (का?), साडीच्या दुकानातून नणंदेला पाठवलेले "ही घेऊ की ती" दीडशे, आणि सुप्रभातवाल्या गुलाबांची तर गणतीच नको. भराभर उडवले. मजा आली खरं सांगायचं तर.

मग फोनने आपणहून एक यादी पुढे केली, 'अस्पष्ट फोटो, काढून टाकायचे?' चौसष्ट होते. उघडले तर जवळजवळ सगळे बाबांनी काढलेले. २०१६ला रिटायर झाले तेव्हा आम्ही त्यांना स्मार्टफोन घेऊन दिला होता. रोज सकाळी आपल्या बडोद्याच्या कमाटीबागेत चक्कर आणि फोटो. प्रत्येक फोटोत उजव्या कोपऱ्यात त्यांचा अंगठा, गुलाबी ढग आल्यासारखा. आई ओरडायची, "अहो, अंगठा!" तर म्हणायचे, "असू दे, सही आहे माझी." २०२१ला गेले. त्यांच्या फोनमधलं सगळं तेव्हा माझ्या फोनमध्ये ओतलं आणि परत कधी बघितलंच नाही.

'सगळे निवडा'पाशी बोट गेलं होतं, तिथेच थांबले. तुम्ही कसं ठरवता? ठेवता कुठे? लिहा.

खारीशिंग
ठेव. सगळे अंगठे ठेव. बाकी नंतर लिहिते, दूध उतू जातंय

दुसरा_माळा
आमचं ऐका. २०२४च्या ऑगस्टात विश्वामित्रीचं पाणी घरात शिरलं तेव्हा आम्ही तळमजल्यावर होतो (आता नाव बघा). नदीकाठच्या समा भागात ज्यांची घरं होती त्यांना सांगायला नको. फ्रिज आडवा होऊन तरंगत होता. वीस वर्षांचे फोटो हार्डडिस्कवर, आणि शहाणपणा म्हणून त्याची कॉपी दुसऱ्या हार्डडिस्कवर. दोन्ही कुठे? टीव्हीखालच्या एकाच खणात.

वर मी काय केलं, पाणी उतरल्यावर डिस्क पुसली आणि लगेच कॉम्प्युटरला लावून बघितली. तेवढं करायचं नव्हतं. ओली डिस्क चालू केली की आतला चिखल फिरतो आणि उरलंसुरलंही जातं, हे नंतर कळलं. गंमत म्हणजे कागदी अल्बम वाचले, निम्मे तरी. बायकोने एकेक फोटो साध्या पाण्यातून काढून, तोंड वर करून वरच्या शेजाऱ्यांच्या गच्चीवर वाळवले. एकमेकांना चिकटलेले ओले असतानाच सुटे करायचे, वाळले की सुटत नाहीत.

मोबाईलमधले बरेचसे पुण्याच्या भावाने परत पाठवले, कारण फॅमिली ग्रुपवर टाकलेले होते. पण व्हॉट्सॲपवरचे ते, मोठे केले की चेहऱ्याचे चौकोन होतात. तारखाही पाठवल्याच्या, काढल्याच्या नाहीत. मुलीची मुंबईची ट्रिप आता पुराच्या नंतरची आहे.

आमच्या गल्लीत आलेल्या मगरीचे फोटो मात्र चाळीस जणांकडे सुखरूप आहेत.

कडवीलसूण
ती मगर आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पण आली होती!! की दुसरी होती?

दुसरा_माळा
तुमची किती फुटी?

कडवीलसूण
सात-आठ. वॉचमन बारा म्हणतो.

दुसरा_माळा
मग आमचीच. आमचा वॉचमनही बारा म्हणतो.

वायरमन
ऑफिसातून पटकन लिहितो, चुका पदरात घ्या.
१ जून २०२१ पासून गुगल फोटोजमध्ये जे चढवाल ते १५ जीबीत मोजलं जातं. त्याआधी 'हाय क्वालिटी'त चढवलेलं मोजत नाहीत, ते उडवून जागा मिळेल या आशेवर बसू नका. आणि १५ जीबी एकट्या फोटोंचे नाहीत, मेल आणि ड्राइव्हही त्यातच. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअप पण आता त्यातच बसतो. तेव्हा फोटो उडवण्याआधी व्हॉट्सॲपमधले व्हिडिओ उडवा. पुष्कळ जागा लग्नातल्या नाचांनी खाल्लेली असते.
दुसरं, 'फ्री अप स्पेस' आणि 'डिलीट' यात जमीनअस्मानाचा फरक. पहिल्याने फक्त फोनमधला जातो, वर चढलेला राहतो. दुसऱ्याने दोन्हीकडचा जातो. बॅकअप झालेला फोटो चुकून डिलीट केला तर ६० दिवस कचऱ्यात सापडतो.
दुसरा_माळा काकांचं वाचून वाईट वाटलं. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, एक घराबाहेर, असं फोटोग्राफर लोक पाळतात. घराबाहेर म्हणजे बहिणीकडे ठेवलेली डिस्कसुद्धा चालेल. फक्त बहीण तळमजल्यावर नको.
आणि ग्रुपवर मूळ फोटो पाठवायचा तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, जसाच्या तसा जातो.

सूनबाई_ऑनड्यूटी
हे ६० दिवसांचं मला आधी का नाही सांगितलं कुणी 😭 सासूबाई स्वतः जाड दिसतात ते सगळे फोटो उडवतात. द्वारकेची अख्खी ट्रिप गेली. आता त्या द्वारकेला गेल्या होत्या याचा काही पुरावा नाही, आणि पुरावा नाही म्हणून पुन्हा जायचं म्हणतायत.

खारीशिंग
😂😂 कुठल्या गाडीने? आम्हालाही जायचंय दिवाळीनंतर

डार्करूम
लग्नाचे फोटो काढतो, त्यामुळे जखमेवर बोट. रोलच्या काळात ३६ फोटो. बटण दाबण्याआधी आम्ही दहादा बघायचो, घरचेही श्वास रोखून उभे राहायचे. आता एका लग्नाचे चार हजार देतो आणि सांगतो, अल्बमसाठी दोनशे निवडा. निवडत नाहीत हो! एका गृहस्थांकडे पेन ड्राइव्ह दिला, सात वेळा फोन केला. आठव्यांदा त्यांचाच फोन आला, "दादा, बारशाची ऑर्डर घ्याल का?" लग्नाचा अल्बम अजून बाकी आहे. वहिनी आणि ते फोटो निवडायला बसले की मामेसासऱ्यावरून भांडण होतं म्हणे.
माझी पद्धत: एकाच क्षणाचे दहा असतील तर डोळे मिटलेले शोधत बसू नका. ज्यात कोणीतरी कोणाकडे तरी बघतंय तो ठेवा. हिंचकाताई, अंगठ्याच्या वर काय दिसतंय ते नीट बघा आधी.

पोळीभाजी
मुलाच्या मुंजीची सीडी आहे, २००६ची. लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नाही आता. कडेने चकाकी पण सुटल्यासारखी दिसतेय. काही होईल का

वायरमन
चकाकी सुटलेला भाग गेला समजा, बाकीचा निघेल. घाई करा पण. माझ्याकडे बाहेरून लावायचा ड्राइव्ह आहे, दांडिया बाजारात राहतो, या.

पोळीभाजी
रविवारी येऊ? सेवउसळ माझ्याकडून.

गरबापास
कोणाकडे अष्टमीचे दोन पास जास्तीचे आहेत का? लेडीज

गरबापास
सॉरी चुकीचा धागा

मधली_खोली
नेहमी नुसती वाचते, आज लिहिते. घटस्फोटाला तीन वर्षं झाली. त्याचे आणि माझे मिळून एकोणीसशे फोटो. मैत्रिणी म्हणाल्या उडव, मोकळी हो. एकदा रात्री उडवलेही, सकाळी कचऱ्यातून परत काढले. कारण मुलगा. नऊ वर्षांचा आहे. त्याच्या पहिल्या दोन वर्षांत आम्ही दोघंही प्रत्येक फोटोत आहोत. एका फोटोत तो बाबाच्या खांद्यावर बसून सुरसागरच्या महादेवाकडे हात करतोय. त्यातून कोणाला कापू?
शेवटी सगळे एका पेन ड्राइव्हवर घालून दादाकडे दिले. फोनमध्ये एकही नाही. मुलाने मागितले की दादा देईल, मला विचारायचं नाही असं ठरलंय.

हिंचका
मधली_खोली, बरं केलंस लिहिलंस.

वायरमन
फक्त ताई, पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षं नुसता पडून राहिला तर भरवशाचा नसतो. दादांना सांगून आणखी एका ठिकाणी कॉपी करवून घ्या. वर्षातून एकदा उघडून बघायला सांगा.

मधली_खोली
हो. भाऊबीजेला सांगते.

हिंचका
डार्करूम दादांनी सांगितलं तसं केलं. संध्याकाळी आईला शेजारी बसवलं आणि चौसष्टही फोटो टीव्हीवर लावले. मला वाटलं रडेल. ती चष्मा लावून मास्तरणीसारखी बसली. "हे बँडस्टँड. ही ती पिवळी फुलं, यांना नाव आठवायचं नाही, मला फोन करून विचारायचे. ही मी." कुठे? तर अंगठ्याच्या खाली, लांब बाकावर, पाठमोरी, हिरवी साडी. मला दिसलीच नव्हती. मग मागे जाऊन मोजलं, अठ्ठावीस फोटोंत ती आहे. पाठमोरी, नाहीतर चालताना, नाहीतर शेंगा सोलताना. तिला कल्पनाच नव्हती. मला म्हणाली, "लबाड माणूस. मला सांगायचे झाडांचे काढतोय."

अठ्ठावीस ड्राइव्हवर, भावाकडे आणि छापून. बाकीचे अंगठेही ठेवलेत, जागा फार घेत नाहीत. एक मात्र आईने स्वतः उडवायला लावला. तो लाइटच्या मीटरचा होता. "बिल भरलंय त्याचं," म्हणाली.

सूनबाई_ऑनड्यूटी
अगं 🥺

खारीशिंग
दूध आटलं वाचता वाचता. बासुंदी करते आता

पोळीभाजी
वायरमन दादा, काल थँक्यू म्हणायचं राहिलं. घरी येऊन सगळं बघितलं. मुंज निघाली, पण पहिली चाळीस मिनिटं नुसते भटजी आहेत आणि मुलगा कुठेच नाही. शेवटी जेवणाच्या पंगतीत सापडला, जिलेबी खाताना. तेवढंच ठेवलंय. आणि तुमचा डबा माझ्याकडेच राहिलाय, चिवडा भरून पाठवते.