‘आधी रॅमची एकच स्टिक घ्या, दुसरी नंतर टाका’ हा सल्ला आता तरी बंद करा

रेवदंडा

काल एका मुलाने विचारलं होतं की रायझन ५ ५६००जी या एएमडीच्या प्रोसेसरवर साधा डेस्कटॉप बांधतोय, ग्राफिक्स कार्डाला पैसे नाहीत, कॉलेजचं काम आणि थोडं गेमिंग करायचंय, तर रॅम कुठली घेऊ. त्यावर ‘टॅलीवाला’ यांनी लिहिलं, “आठ जीबीची एकच स्टिक घे, वाचलेले पैसे एसएसडीत घाल, लागली तर पुढे दुसरी टाक. ड्युअल चॅनल, म्हणजे दोन स्टिक दोन वाटांनी एकदम चालवणं, हे यूट्यूबवाल्यांचं खूळ आहे.” खाली भराभर ‘सहमत’ पडले आणि मुलगा “धन्यवाद काका, तसंच करतो” म्हणून गेलासुद्धा. तिथे दोन ओळींत भागणार नव्हतं, म्हणून वेगळा धागा.

हा सल्ला त्या मुलासाठी साफ चुकीचा आहे. ५६००जी चं ग्राफिक्स प्रोसेसरच्या पोटातच आहे आणि त्याला स्वतःची मेमरी नाही. ते रॅमवरच जगतं. बोर्डाच्या सेटिंगप्रमाणे अर्ध्यापासून दोन जीबीपर्यंत रॅम ते आधीच बाजूला काढून घेतं. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी उघडून तळाशी ‘हार्डवेअर रिझर्व्ड’चा आकडा बघा. दोन जीबी गेले की आठातले सहा उरले, त्यातले निम्मे विंडोज ११ सुरू होताना खातं, आणि मग ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडून मूल प्रोजेक्ट करणार!

दुसरं, वेग. डीडीआर४ या पिढीच्या रॅमची ३२०० वेगाची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा देते. दोन चॅनलवर दोन स्टिक बसवल्या की ५१.२. प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघेही त्याच वाटेवरून ये-जा करतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशीनवर हा फरक एक वेळ जाणवणार नाही, पण ५६००जी वर गेम अडखळतो की खेळता येतो हे यावरच ठरतं.

आणि ‘पुढे टाक’ म्हणजे कधी? २०२५ च्या पावसाळ्यानंतर भाव कुठून कुठे गेले ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. जगातली बहुतेक सगळी मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांच्या कारखान्यांतून येते. एआयच्या सर्व्हरना जी एचबीएम ही खास वेगवान मेमरी लागते, तिच्या एका जीबीला डीडीआर५ च्या साधारण तिप्पट वेफर (ज्यातून चिप कापतात ती सिलिकॉनची चकती) खर्ची पडतो, हे मायक्रॉननेच सांगितलेलं आहे. कारखाने तिकडे वळले. डीडीआर४ चं उत्पादन आधीच आटोपतं घेणं चालू होतं. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रूशल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. ज्यांनी तेव्हा ‘दुसरी नंतर’ म्हणून एक स्लॉट रिकामा ठेवला, ते आज त्याच स्टिकला दुप्पट-तिप्पट मोजतायत.

माझं म्हणणं एवढंच की ५६००जी ला आठ-आठच्या दोन सारख्या स्टिक, ३२०० सीएल१६ (सीएल म्हणजे डेटा द्यायला लागणाऱ्या उशिराचा आकडा), एकाच पाकिटातल्या. दिवे नकोत, पत्र्याचे पंख नकोत. ३६०० सीएल१८ साठी जास्त पैसे देऊ नका, सीएलचा उशीर दोन्हींचा १० नॅनोसेकंदच येतो. पण सीएल२२ वाली ३२०० त्याच भावात गळ्यात मारत असतील तर घेऊ नका, तिचा १३.७५ येतो. आणि घरी आल्यावर बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी (रॅम छापील वेगावर चालवणारा पर्याय) चालू करा. नाहीतर पाकिटावर ३२०० छापलेली स्टिक २१३३ किंवा २६६६ वर वर्षानुवर्षं चालते आणि मालकाला पत्ता नसतो.

टॅलीवाला

माझं नाव घेऊन धागा काढलात म्हणून उत्तर देतो, नाहीतर वेळ नाही.

सोलापुरात दुकानांना, सीएंच्या ऑफिसांना, चाळीतल्या क्लासेसना मशीन बसवण्यात माझं आयुष्य गेलं. तुम्ही आकडे सांगता, मी गिऱ्हाईक सांभाळतो. स्वस्त बोर्डाला, एच६१० असो की ए५२०, बहुतेक वेळा स्लॉट दोनच. दोन्हींत आठ-आठ कोंबल्या की उद्या ३२ करायचे झाले तर दोन्ही काढून फेकायच्या. एकच असेल तर शेजारी नवी बसते. गिऱ्हाइकाचे पैसे वाचतात ते असे.

ड्युअल चॅनलचं म्हणाल तर स्वतः करून पाहिलंय. घरी बी४५० बोर्ड आणि ३४००जी, तोही अंगच्या ग्राफिक्सचा प्रोसेसर, आहे. एक स्टिक लावून पाहिली, दोन लावून पाहिल्या. हिशेबाचं टॅली तेवढ्याच वेळात उघडतं, मुलगा जो गेम खेळतो तोही तसाच चालतो. काडीचा फरक नाही. पुस्तकी हिशेब पुस्तकात ठेवा.

भिंगरी

टॅलीवाले काका, तुमची गिऱ्हाइकं टॅली आणि एक्सेलवाली. त्या मुलाने टॅली विचारलंच नव्हतं.

माझं फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं काम आहे. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये वीस बाय दहाचा बॅनर उघडा, त्यात गल्लीतल्या पंचवीस कार्यकर्त्यांचे कापलेले फोटो टाका आणि मग सांगा आठ जीबी पुरतात. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात माझ्या मशीनवर १६ सुद्धा काठोकाठ भरलेले असतात. मेमरी भरली की विंडोज एसएसडीवर पसारा टाकायला लागतं, माऊस चिकटतो, आणि समोर गिऱ्हाईक उभं असतं. ‘वाचलेले पैसे एसएसडीत घाल’ म्हणता, त्या एसएसडीला मग रॅमची हमाली करावी लागते.

सह्यकडा

रेवदंडा, ५६००जी पुरतं शंभर टक्के मान्य. पण शीर्षक सरसकट दिलंत ते चूक. लोक शीर्षक वाचून खरेदी करतात.

डीडीआर५ चं गणित वेगळं आहे. आठ जीबीच्या डीडीआर५ स्टिकवर बहुधा चारच चिप असतात, त्यामुळे तिला आतले बँक ग्रुप, म्हणजे एकाच वेळी काम करणारे कप्पे, निम्मेच मिळतात आणि ती १६ च्या स्टिकपेक्षा संथ पडते. म्हणजे एएम५ (डीडीआर५ घेणाऱ्या नव्या रायझनच्या) बोर्डावर आठ-आठच्या जोडीला पैसे घालणं वाया. तिथे सोळा-सोळाची जोडी घ्यावी. तेवढी ऐपत आज नसेल आणि मशीनमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल, तर सोळाची एकच घेऊन थांबणं हा मूर्खपणा नाही. मी स्वतः असं मशीन भावाला बांधून दिलंय आणि त्याची कुरकुर नाही.

आणि ‘चार स्लॉट आहेत, भरू हळूहळू’ असंही डीडीआर५ वर करू नका. रायझन ७००० ला दोन स्टिकवर अधिकृत वेग ५२००, चार भरल्या की ३६००. त्याच्या वर चाललं तर नशीब.

रेवदंडा

सह्यकडा, डीडीआर५ च्या आठ-आठबद्दल बरोबर बोललात. शीर्षक मात्र बदलणार नाही. कारण ‘एकच घ्या’ हे वाक्य दुकानात डीडीआर४ की ५ हे न विचारताच फेकलं जातं.

टॅलीवाला, एक विचारतो. त्या बी४५० वर स्लॉट किती आणि दोन स्टिक कुठल्या स्लॉटमध्ये लावल्या होत्या?

रात्रपाळी

नव्या भावात दोन स्टिक घेण्यापेक्षा जुन्या घ्या ना. कंपन्यांच्या ऑफिसातून भंगारात निघालेल्या मशीनमधली डीडीआर४ मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळते, आमच्या पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास विचारलं तरी कोणीतरी काढून देतो. रॅममध्ये झिजणारं काही नसतं. माझ्या मशीनमध्ये चारही जुन्याच आहेत.

भिंगरी

झिजत नसेल, पण फसवणूक होते त्याचं काय? मागे जुन्या डीडीआर३ मशीनला एका दुकानातून आठ जीबीची स्टिक आणली. निम्म्या भावात मिळाली म्हणून खूश होते. घरी लावली तर पडदा काळा आणि नुसता पीप, पीप. परत नेली तर म्हणतो, “मॅडम, ही ओन्ली एएमडी आहे, तुमचं इंटेल.” तसला प्रकार खरंच असतो हे नंतर कळलं. सर्व्हरच्या चार-बिटी चिप लावून बनवलेल्या असतात, इंटेलचे डेस्कटॉप त्या घेत नाहीत. लेबलवर अवाक्षर नव्हतं. पैसे परत मागितले तर “बिल दाखवा”. बिल त्यानेच दिलं नव्हतं!

रात्रपाळी

बिल मागितलं की १८ टक्के वर. विद्यार्थ्याने ते कशाला भरायचे?

टॅलीवाला

कशाला म्हणजे? कर आहे तो! हेच ते दुखणं. माझं ज्यावर पोट चालतं ते बुडवायचं शिकवता आणि वर शहाणपण. जीएसटी नंबर असलेल्या दुकानदाराला बिल घेतलं तर त्या १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं, म्हणजे बिलाचीच स्टिक त्याला स्वस्त पडते. हे माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी समजावलंय. बिनबिलाची स्वस्त रॅम घेऊन वर्षाने रडत येतात आणि शिव्या मला खायला लागतात.

रात्रपाळी

क्रेडिट तुमच्या व्यापाऱ्यांना मिळतं. पगारदाराला, विद्यार्थ्याला काय मिळतं? एका स्टिकमागे पाच-सहाशे रुपये जास्त, एवढंच. महिन्याचा खर्च भागवून मशीन बांधणाऱ्याला नीतीचे धडे देऊ नका. तुम्ही स्वतः दर वेळी पक्कं बिल फाडता का, छातीवर हात ठेवून सांगा.

टॅलीवाला

फाडतो. दर वेळी. ज्याला नको असेल त्याला दुसरं दुकान दाखवतो. माझ्या धंद्यावर शंका घ्यायचं काम नाही. तुमच्यासारख्यांमुळेच सरळ माणसाचं दुकान महाग दिसतं.

सह्यकडा

दोघेही जरा आवरा. रात्रपाळी, विद्यार्थ्याला बिलातून काय मिळतं ते सांगतो. हमी. नावाजलेल्या बहुतेक कंपन्या रॅमला लांब मुदतीची, बऱ्याचदा आजीवन हमी देतात. काहींना सिरियल नंबर पुरतो, काही बिल मागतातच. माझी एक स्टिक अशीच होती. मशीन आठवड्यातून दोनदा निळा पडदा टाकायचं, मी ड्रायव्हर आणि विंडोजलाच दोष देत बसलो होतो. मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर लावून ठेवला तेव्हा सकाळी लाल ओळी दिसल्या. बिल होतं म्हणून नवी मिळाली. आजच्या भावात ती विकत घ्यावी लागली असती तर सहाशे रुपये कोणाला आठवले असते?

शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा म्हणून स्पष्ट लिहिलेली आहे. भिंगरीताई, तुम्ही तक्रार करायला हवी होती.

भिंगरी

बाराशे रुपयांसाठी ग्राहक आयोगाच्या पायऱ्या कोण चढणार, सीझनमध्ये दुकान बंद ठेवून? कायदा आहे हे मलाही माहीत आहे.

रात्रपाळी

बरं, नव्या स्टिकला बिल घ्यावं. एवढं मान्य. पण जुन्या मालाला मुळात हमीच नसते, तिथे बिलाचा आग्रह धरून काय मिळणार? तिथे मी म्हणतो तेच खरं. दुकानातच लावून, मेमटेस्टचा एक फेरा बघून पैसे द्यायचे. दुकानदार तयार नसेल तर पुढच्या दुकानात.

रेवदंडा

मेमटेस्टचं पटलं. पण धागा रॅमचा आहे, जीएसटीचा नाही. टॅलीवाला, स्लॉटचं राहिलं.

टॅलीवाला

चार स्लॉट आहेत. प्रोसेसरच्या बाजूने पहिला आणि दुसरा. कशाला?

रेवदंडा

ते दोन्ही स्लॉट एकाच चॅनलचे. चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा भरायचा असतो, बोर्डाच्या पुस्तिकेत चित्रच असतं. म्हणजे तुम्ही दोन स्टिक लावल्यात, पण मशीन एकाच चॅनलवर चाललं. फरक दिसणार कुठून? सीपीयू-झेड हा मशीनची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम उघडून मेमरीच्या पानावर बघा. तिथे वेग निम्मा दिसतो, ३२०० ला १६०० दाखवतो, त्याने घाबरू नका.

टॅलीवाला

रात्री दुकान बंद केल्यावर बदलून पाहिलं. मुलाला खेळायला बसवलं, म्हणतो आता अडकत नाही. त्याचं बरोबर असेल.

टॅलीला काहीही फरक नाही, तेवढ्याच वेळात उघडलं. एक्सेललाही नाही. तेव्हा दुकानदाराला, क्लासवाल्याला मी एकच स्टिक देणार, आठची नाही, सोळाची. अंगच्या ग्राफिक्सवर गेम खेळणाऱ्याला दोन द्या, त्याला माझा विरोध नाही. पण ‘साफ चुकीचा’ हा शब्द तुम्ही सरसकट वापरलात, तो मला मान्य नाही.

रेवदंडा

मी ‘त्या मुलासाठी’ असं लिहिलं होतं. ऑफिसच्या मशीनला सोळाची एक, हे चालण्यासारखं आहे.

नवखा_जळगाव

तो मुलगा मीच. काल संध्याकाळी आठची एक घेऊन आलो, पाकीट अजून फोडलेलं नाही. आज दुकानात जाऊन विचारलं, तर म्हणतो तीच कंपनी, तोच नंबर अजून एक शिल्लक आहे, पण भाव वाढलाय, कालच्यापेक्षा चारशे जास्त लागतील. बोर्ड ए५२०, दोन स्लॉट. काय करू? पुढे १६ ची आणून या आठच्या शेजारी लावली तर चालेल का?

सह्यकडा

चालेल, पण आठ आणि सोळा लावल्या की पूर्ण मेमरी दोन चॅनलवर चालत नाही, वरचे आठ एकाच चॅनलवर राहतात. आणि दोन वेगळ्या पाकिटांतल्या स्टिक एक्सएमपीला दाद देतीलच असं नाही, कधी कधी मशीन सुरूच होत नाही. चारशे देऊन तीच घे. लेबलवरचा पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून बघ.

टॅलीवाला

चारशे देऊ नकोस आधी. एका रात्रीत एवढा भाव चढला म्हणतो, तर त्याला आजचं खरेदीबिल दाखवायला सांग. माल कालचाच असणार त्याच्या फळीवर. बिल घेतलंस का काल?

नवखा_जळगाव

नाही काका. कच्ची पावती दिली, त्यावर नुसतं ‘रॅम १ नग’ लिहिलंय.

टॅलीवाला

मग उद्या दोन्ही स्टिकचं मिळून एकच पक्कं बिल माग, दोन्ही सिरियल नंबर त्यावर लिहून घे. बिल देतो म्हणाला तर दोनशेपर्यंत जास्त द्यायला हरकत नाही. नाही म्हणाला तर न फोडलेलं पाकीट परत कर आणि इथे सांग. जळगावात माझ्या ओळखीचे एकजण आहेत, त्यांच्याकडे पाठवतो.