मदत हवी आहे: गोल्फ मैदानावरच्या आक्रसलेल्या ग्रीनची (होलच्या भोकाभोवतीच्या अगदी आखूड गवताच्या भागाची) मूळ कड कशी शोधायची?

वडोदऱ्याजवळच्या नऊ होलच्या जुन्या गोल्फ मैदानाची डागडुजी करतोय. पाचव्या होलचं ग्रीन वर्षानुवर्षं गवत कापायचं मशीन कडेच्या आतून फिरवल्यानं पुरीसारखं गोल झालंय. नकाशा नाही. सळई खुपसून पाहिली: वीतभर वाळू, खाली काळी माती, पण कडेला दोन्ही कालवलेलं लागतं. अमेरिकेतल्या पाइनहर्स्ट नंबर 2 या गोल्फ मैदानावर कूर आणि क्रेनशॉ या मैदान-रचनाकारांनी 2010-11 मध्ये रफ (खेळपट्ट्याबाहेरचं वाढू दिलेलं गवत) काढून वाळू उघडी केली, पण त्यांच्या हाताशी 1943 चे हवाई फोटो होते आणि जमीनही मुळातच रेताड. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. खेळ बंद ठेवता येणार नाही, जेसीबीही नको. मग कडेपासून बाहेर अरुंद चर खणून पाहावेत का, आणि किती अंतरावर?