साइटचा मेनू टेक्स्ट फाइलमधून बदलायला एडिटर कोणता?

संत्राबाग_वरूड
आमच्या संत्रा उत्पादक गटाची साइट पीएचपीवर आहे. मेनू एका टेक्स्ट फाइलमधून येते. एका ओळीत एक नोंद: नाव, उभी रेघ, पत्ता. # पासून सुरू झालेली ओळ टीप म्हणून सोडली जाते. (पत्ते इंग्रजीत आहेत, इथं समजायला मराठीत लिहिले.)

# मेनू यादी
मुखपृष्ठ | /
अंबिया बहार | /अंबिया
भाव | /भाव

विंडोज ७ च्या नोटपॅडमध्ये "मृग बहार"ची ओळ टाकून सेव्ह केलं, सगळ्या मराठीचं ???? झालं. जुनी फाइल परत घेतली, सेव्ह अ‍ॅजमध्ये एन्कोडिंग (अक्षरं फाइलमध्ये साठवायची पद्धत) यूटीएफ-८ निवडलं. मराठी आली, पण आता "# मेनू यादी" हेच मेनूत दिसून राहिलं. एडिटर सुचवा. खर्च शून्य, लॅपटॉप हाच, रॅम २ जीबी.

वऱ्हाडी_कीबोर्ड
वर्डप्रेस टाका भाऊ. मेनू माउसनं ओढून वरखाली करता येते. होस्टिंग थोडं मोठं घ्या.

बाइट_मोर्शी
शून्य खर्च लिहिलं आहे त्यांनी. चार ओळींच्या मेनूसाठी डेटाबेस काहून पायजे?

बिघाड दोन आहेत. ???? आलं ते आन्सी या जुन्या एन्कोडिंगमुळे. त्यात देवनागरी बसतच नाही. नोटपॅड तशी सूचना देते, पण ओके दाबलं की अक्षरं गेली. त्या फाइलमधून ती परत निघत नाहीत. दुसरा बिघाड बीओएमचा. विंडोज ७ चं नोटपॅड यूटीएफ-८ फाइलच्या सुरुवातीला तीन न दिसणारे बाइट घालतेच, तेच बीओएम. त्यामुळं ओळीचं पहिलं अक्षर # राहत नाही, आणि टीप नोंद होऊन जाते.

नोटपॅड++ घ्या, फुकट आहे, २ जीबीत आरामात चालते. एन्कोडिंग मेनूत "कन्व्हर्ट टू यूटीएफ-८" करा, बीओएमवालं नाही, आणि सेव्ह करा. मराठी बिघडलेली दिसत असेल तर आधी वरच्या गटातून बरोबर एन्कोडिंग निवडून ती नीट दिसू द्या, मगच कन्व्हर्ट करा. वरचा गट फाइल कशी वाचायची तेवढं ठरवते. कन्व्हर्टनं बाइट बदलतात.

कोड_दर्यापूर
व्हीएस कोडच घ्या. एन्कोडिंग खालच्या पट्टीवर दिसते, जुळणारे शब्द एकदम बदलता येतात. नोटपॅड++ जुनाट वाटते.

बाइट_मोर्शी
नवीन व्हीएस कोड विंडोज ७ वर चालत नाही जी.

डीटीपी_अचलपूर
बीओएम काढा. आणि कृतीदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर इथं पेस्ट करू नका. ते फॉन्टचे वेश आहेत, आत इंग्रजी अक्षरं असतात. मेनूत तीच उमटतील. युनिकोडातच लिहा.

वऱ्हाडी_कीबोर्ड
पत्तेही मराठीत ठेवले तर गावातल्या माणसाला कळते. मराठी साइटला मराठी पत्ता पायजे.

कोड_दर्यापूर
नको. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना एकेका देवनागरी चिन्हाची टक्केवाली नऊ अक्षरं होतात. "अंबिया"सारख्या छोट्या शब्दाचीच चोपन्न. इंग्रजी छोटी अक्षरं ठेवा, आणि फाइलमध्ये तशीच लिहा: लिनक्स सर्व्हर लहान-मोठ्या अक्षरांत फरक करते.

बाइट_मोर्शी
सगळ्यात फसवणारी चूक राहिली: मराठी कीबोर्डवर उभ्या रेघेच्या जागी बऱ्याचदा दंड पडते. | आणि । दिसायला जुळे, पण प्रोग्रामला दंड ओळखता येत नाही, मग पूर्ण ओळच नाव समजली जाते. रेघ टाकताना इंग्रजी कीबोर्डवर या. नाहीतर वरच्या ओळीतली रेघ कॉपी करा.

डीटीपी_अचलपूर
बीओएम काढल्यावरही जुनाच मेनू दिसला तर कंट्रोल-एफ५ दाबून पाहा.

संत्राबाग_वरूड
सगळ्यांचे आभार. मी काहीच इन्स्टॉल करत नाही. होस्टिंगच्या सीपॅनेलमधल्या फाइल मॅनेजरमध्ये मोबाइलवरूनच बदलतो. उघडताना एन्कोडिंग विचारते, तिथं यूटीएफ-८ देतो. पहिली ओळ पूर्ण पुसून, # सकट नव्यानं लिहितो.

बाइट_मोर्शी
ओळ पुसताना कर्सर अगदी सुरुवातीला गेला तरी बीओएम मागे राहू शकते. त्यापेक्षा रिकामी नवी फाइल करून त्यात सगळ्या ओळी हातानं टाका, पेस्ट नको. जुनीचं नाव बदलून बाजूला ठेवा.

वऱ्हाडी_कीबोर्ड
मोबाइलवर मेनू बदलाचाच असंल तर वर्डप्रेसचं अ‍ॅपही आहे.